लोगनएअरच्या वाटेने: बॅराची वाळू ते पापा वेस्ट्रेची खडी

स्कॉटलंडच्या नकाशात पश्चिमेला आणि उत्तरेला जी बेटं विखुरलेली दिसतात, त्यांतल्या नव्वदेक बेटांवर माणसं राहतात. शेती करतात, मेंढ्या राखतात, आजारी पडतात, म्हातारी होतात. त्यांना मुख्य भूमीशी जोडणाऱ्या बोटी आहेत, आणि गेली साठहून जास्त वर्षं लोगनएअर नावाची विमान कंपनी आहे. मला विमानांचं वेड लहानपणापासून. त्यातही मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान गावांना धरून राहिलेल्या कंपन्यांचं कुतूहल जास्त. ग्लासगोजवळ पेझलीला माझी आत्या राहते. ती ग्लासगोच्या सदर्न जनरल रुग्णालयात नर्स होती, आता निवृत्त आहे. जूनमध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा सांगून टाकलं, किल्ले-राजवाडे राहू देत, मला लोगनएअरने बेटं फिरायची आहेत. ती म्हणाली, "मग मीही येते रे. त्या विमानांतून उतरवलेले पेशंट इतकी वर्षं पाहिले, पण मी स्वतः एकदाही बसले नाही."

सोमवार: पेझली

ग्लासगोचा विमानतळ खरं तर पेझलीच्या वेशीवर, अॅबट्सिंच इथे आहे. आत्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून विमानं उतरताना दिसतात. तिथे चहा पिता पिता मी तिला कंपनीची जन्मकथा सांगितली.

विली लोगन हा उत्तरेकडच्या म्युअर ऑफ ऑर्ड गावचा, रस्ते आणि पूल बांधणारा कंत्राटदार. कामं सगळ्या स्कॉटलंडभर पसरलेली, आणि डोंगर-खाड्यांमुळे रस्त्याने जायचं तर दिवस मोडायचा. म्हणून १ फेब्रुवारी १९६२ रोजी एका छोट्या पायपर अॅझ्टेक विमानावर त्याने हवाई टॅक्सी सुरू केली, ती एडिंबरा आणि डंडीदरम्यान. लोगन कन्स्ट्रक्शनची ती हवाई शाखा, म्हणून लोगनएअर. स्वतः लोगनला मात्र कंपनीचं पुढचं रूप पाहायला मिळालं नाही. जानेवारी १९६६मध्ये इन्व्हरनेसजवळच्या टेकडीवर विमान आदळून तो गेला. ते विमान त्याच्या कंपनीचं नव्हतं, दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेलं होतं. डंडीला टे नदीवर त्याच्या बांधकाम कंपनीने उभारलेला सव्वादोन किलोमीटरचा पूल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुला झाला.

नंतरचा मालक आणखी अनपेक्षित. १९६८मध्ये नॅशनल कमर्शियल बँक ऑफ स्कॉटलंडने कंपनी विकत घेतली. ती बँक पुढे रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाली आणि १९८३पर्यंत विमान कंपनी बँकेच्याच छत्राखाली राहिली. एरवी तोट्यातल्या चिमुकल्या मार्गांना असा धनी मिळणं अवघड होतं. ती पंधरा वर्षं निघाली म्हणून पुढचं सगळं घडू शकलं, असं मला वाटतं.

आत्याने रात्रीच डब्यात मेथीचे ठेपले भरून ठेवले. बॅराच्या विमानात खाण्यापिण्याची सोय नसते, शौचालयही नसतं, हे तिला शेजारणीने सांगितलं होतं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, विशेषतः ज्येष्ठांनी.

मंगळवार: ग्लासगो ते बॅरा

बॅरा हे बाह्य हेब्रिडीज बेटांच्या साखळीतलं दक्षिणेकडचं बेट, वस्ती बाराशेच्या आसपास. तिथला विमानतळ म्हणजे ट्रॅय व्होर नावाची समुद्राची पुळण. भरतीला तीनही धावपट्ट्या पाण्याखाली जातात, ओहोटीला उघड्या पडतात. नियमित प्रवासी विमानं भरती-ओहोटीच्या वाळूवर उतरणारी जगातली ही एकमेव जागा. त्यामुळे वेळापत्रक माणसं ठरवत नाहीत, चंद्र ठरवतो. आज सकाळी सुटणारं विमान आठवड्याने दुपारी सुटतं. तिकीट काढताना परतीची वेळ वेगळी तपासून घ्या. त्याच दिवशी ग्लासगोहून पुढचं लांबचं विमान पकडायचा बेत करू नका.

विमान होतं ट्विन ऑटर. दोन पंखे, एकोणीस आसनं, न मुडपणारी दणकट चाकं. हवाई सुंदरी नाही. सहवैमानिक आपल्या खुर्चीतूनच मागे वळला आणि पट्टे, दारं, लाइफ जॅकेट याबद्दल सांगून पुन्हा समोर बघायला लागला. वैमानिक आणि प्रवासी यांच्यात बंद दार नसल्याने सगळी घड्याळं, दांडे, त्यांचे हात दिसत राहतात. आमच्या पुढे बसलेल्या बाईंच्या मांडीवर ग्लासगोच्या एका बेकरीचा केकचा खोका होता. नातवाचा वाढदिवस. त्यांनी तो उड्डाणभर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

सव्वा तासात क्लाइड नदीचं मुख, मग निळ्या-करड्या खाड्या, मल नावाच्या बेटाचे डोंगर, आणि मग नुसता अटलांटिक. ट्विन ऑटर उंच जात नाही, त्यामुळे मासेमारीच्या बोटींमागची पांढरी रेघही दिसते. ढग फाटले आणि खाली पांढरी पुळण आली. पाणी नुकतंच ओसरलं होतं, वाळूवर आकाश पडलेलं होतं. विमान वळलं, खाली आलं, आणि चाकं टेकताच दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडाले. आत्याने माझा हात घट्ट धरला होता, तो सोडून तिने टाळ्या वाजवल्या. केकवाल्या बाई तिच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मी सत्तर वर्षं इथे राहते, मलाही अजून वाजवाव्याशा वाटतात."

उतरून थेट वाळूत पाय. धावपट्ट्यांची टोकं लाकडी खांबांनी दाखवलेली. तीन दिशांना तीन पट्ट्या, म्हणजे वारा कुठूनही असला तरी शक्यतो त्याला तोंड देऊन उतरता येतं. सगळ्यांत लांब पट्टी साडेआठशे मीटरच्या आसपास. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर फडकत असेल तर विमानतळ चालू आहे असं समजायचं आणि पुळणीवर जायचं नाही. ती उतरवली की पुळण गावाची. तासाभराने खरोखरच दोन माणसं बादल्या आणि दाताळी घेऊन जिथे आम्ही उतरलो होतो तिथे शिंपले उकरत होती. ही पुळण शिंपल्यांसाठी प्रसिद्धच आहे. त्यांच्या कवचांच्या चुऱ्यानेच वाळू अशी घट्ट बसते की तिच्यावर विमान पेलतं. त्यांतल्या एकाशी बोललो. त्याचा बाप याच वाळूत शिंपले काढायचा आणि विमान आलं की बादली उचलून बाजूला व्हायचा. तो म्हणाला, "आमच्या घरात घड्याळ नव्हतं. ओहोटी, विमान आणि जेवण, एवढं कळलं की दिवस कळायचा."

या वाळूवर पहिलं विमान १९३३मध्ये उतरलं आणि १९३६पासून हा अधिकृत विमानतळ झाला. म्हणजे लोगनएअरच्या जन्माआधीपासून. लोगनएअरने १९७०च्या दशकात हा मार्ग हाती घेतला आणि आजवर चालवला. सध्याची दोन ट्विन ऑटर विमानं विमानतळ चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, हायलंड्स अँड आयलंड्स एअरपोर्ट्सच्या मालकीची आहेत, लोगनएअर ती उडवते. खारं पाणी म्हणजे धातूचा वैरी, म्हणून वाळूवरून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुवावं लागतं. एवढे कष्ट आणि एवढा खर्च तिकिटातून निघणं शक्यच नाही. ग्लासगोहून बॅरा, टायरी बेट आणि कॅम्बलटाउन गाव हे तिन्ही मार्ग सार्वजनिक सेवेचं कर्तव्य म्हणून स्कॉटिश सरकार पैसे देऊन चालवतं. आपल्याकडे तोट्यातल्या गावाला एसटी जाते, तसंच हे. डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत गाडी जायची कारण तिथे माणसं राहतात, बाकी हिशोब नंतर. मला या विमानात बसल्यावर तीच आपुलकी वाटली.

विमानतळाची इमारत लहानशी, तिच्यात छानसं कॅफे. सामान बाहेरच्या एका छपरीत आणून ठेवतात, आपलं आपण उचलायचं. कॅफेत गरम सूप आणि घरचा स्कोन खाल्ला. आत्याने ठेपले बाहेर काढले, ते काउंटरवरच्या मुलीलाही आवडले.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी पाऊस सुरू झाला आणि आत्या बोलायला लागली. १९३३मध्येच, मे महिन्यात, आयला बेटावरून एका अत्यवस्थ कोळ्याला मिडलंड अँड स्कॉटिश एअर फेरीजच्या विमानाने ग्लासगोला आणलं आणि तो वाचला. स्कॉटलंडच्या हवाई रुग्णसेवेची ती सुरुवात. त्यानंतर अनेक दशकं या विमानांतून ज्या नर्स जायच्या, त्या सदर्न जनरलच्या स्वयंसेवक. पगाराव्यतिरिक्तचं, राजीखुशीचं काम. "रात्री दोनला फोन यायचा," आत्या सांगत होती, "आणि वॉर्डातली एखादी मुलगी कोट चढवून निघायची. बेटावरची बाळंतीण, हृदयविकाराचा झटका, शेतातला अपघात. सकाळी ती परत ड्युटीवर. मला विमानाची भीती होती म्हणून मी नाव दिलं नाही. पण त्यांनी आणलेले पेशंट माझ्या वॉर्डात असायचे."

१९७०च्या दशकापासून २००६पर्यंत हे काम मुख्यतः लोगनएअरच्या आयलँडर विमानांनी केलं. त्याची किंमतही मोजावी लागली आहे. १९५७मध्ये, ब्रिटिश युरोपियन एअरवेजच्या काळात, आयलाला रुग्ण आणायला गेलेलं विमान कोसळलं. दोन्ही चालक आणि सदर्न जनरलच्या सिस्टर केनेडी गेल्या. २००५च्या मार्चमध्ये कॅम्बलटाउनजवळ लोगनएअरचं आयलँडर समुद्रात पडून वैमानिक आणि रुग्णसेवक मृत्युमुखी पडले. लोगनएअरने आपल्या एका विमानाला सिस्टर केनेडींचं नाव दिलं होतं, हे मी सांगितल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते बरं केलं त्यांनी."

बुधवार: बॅरा, वाऱ्यात

बेटाला वळसा घालणारा रस्ता जेमतेम वीस किलोमीटरचा. बस आहे, सायकलही भाड्याने मिळते. आम्ही बसने कॅसलबेला गेलो. खाडीच्या मधोमध खडकावर किसिमुल किल्ला उभा आहे. मॅकनील घराण्याने तो २०००मध्ये सरकारी पुरातत्त्व संस्थेला हजार वर्षांच्या कराराने दिला. भाडं वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली.

तिथून पुढे बांधावरून व्हॅटर्से बेट. १९९१मध्ये हा बांध झाला तेव्हा कुठे तिथली वस्ती टिकली. रस्त्याच्या कडेला, ओढ्यापाशी, एका विमानाचे अवशेष अजून पडलेले आहेत. १९४४च्या मे महिन्यात शाही हवाई दलाचं कॅटालिना इथल्या टेकडीवर आदळलं, तिघे गेले, बाकीचे वाचले. अॅल्युमिनियमचे वाकलेले पत्रे, त्यांवर शेवाळ, भोवती मेंढ्या चरतायत. आजच्या चालकांना हवामानाचे ताजे अंदाज, उपग्रहाची दिशा, सगळं मिळतं. तरी टेकड्या त्याच आहेत आणि ढगही त्याच उंचीवर येतात.

दुपारी कॅसलबेच्या एका लहान कॅफेत अनपेक्षित मेजवानी मिळाली. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, स्कॅलपची भजी! ताजे स्कॅलप शिंपले, बेसनाचं पीठ, आत ओवा नाही पण जिरं आणि मिरची होती. समोर अटलांटिक, वारा खिडक्या हलवतोय, आणि ताटात गरम भजी. आत्याने दुसरी प्लेट मागवली आणि मालकिणीला तांदळाचं पीठ थोडं मिसळायला सांगितलं. मालकिणीने ते वहीत लिहून घेतलं.

सूचना: जूनमध्येही वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट हवंच. रविवारी बेटावर बरंच काही बंद असतं. आणि सामान हलकं ठेवा. या छोट्या विमानांत वजनाचा हिशोब काटेकोर असतो, मोठी सुटकेस ग्लासगोतच ठेवून जावं.

गुरुवार: वाळू ते कर्कवॉल

ओहोटी सकाळी उशिरा होती, त्यामुळे नाश्ता निवांत झाला. विमान आलं, पंखे थांबले, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि टपालाच्या पिशव्या उतरल्या, तीन शाळकरी मुलं उतरली, आम्ही चढलो.

ग्लासगोला विमान बदलून उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांची राजधानी कर्कवॉल. हे मोठं एटीआर विमान होतं, शेपटीवर स्कॉटिश टार्टनच्या चौकटी. त्या चौकटींमागे मोठी कहाणी आहे. १९९४पासून लोगनएअरची विमानं ब्रिटिश एअरवेजच्या रंगांत उडायची, २००८पासून फ्लायबीच्या. प्रवाशाला तिकिटावर दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसायचं. १ सप्टेंबर २०१७ला तिने पुन्हा स्वतःचं नाव लावलं. तेव्हा अनेकांना ते धाडस वाटलं होतं. मार्च २०२०मध्ये फ्लायबी बुडाली, आणि लगेच लोगनएअरने तिचे सोळा मार्ग आपल्याकडे घेत असल्याचं जाहीर केलं. मग करोनाने सगळंच थांबवलं. तरी बेटांकडची अत्यावश्यक उड्डाणं चालू राहिली. दुसऱ्याचं नाव मिरवण्यापेक्षा आपलं नाव आणि आपले लोक धरून राहणं या कंपनीला तारून गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चहाबरोबर टनॉक्सचं कॅरमल वेफर मिळालं, लाल-सोनेरी कागदातलं. ग्लासगोजवळच्या अडिंग्स्टनची ही बेकरी १८९०पासूनची, आणि लोगनएअरने फिरणाऱ्यांना हे बिस्किट मिळालं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. आत्याने आपलं पर्समध्ये ठेवलं, माझंही ठेवलं.

कर्कवॉलच्या विमानतळावर कॅप्टन फ्रेसन यांची आठवण जपली आहे. एडमंड फ्रेसन यांनी १९३३च्या मे महिन्यात इन्व्हरनेसहून विक आणि कर्कवॉलला नियमित सेवा सुरू केली, आणि २९ मे १९३४ रोजी देशांतर्गत हवाई टपालाची ब्रिटनमधली पहिली नियमित सेवाही. शेतकऱ्यांची कुरणं बघून, दगड वेचून, गाई हाकलून त्यांनी धावपट्ट्या शोधल्या. युद्धानंतर विमानसेवांचं राष्ट्रीयीकरण झालं, फ्रेसन यांना बाजूला व्हावं लागलं, आणि ऑर्कनीच्या लहान बेटांची विमानं बंदच झाली. ती पुन्हा सुरू झाली १९६७च्या सप्टेंबरात, लोगनएअरच्या ब्रिटन-नॉर्मन आयलँडरने. मधल्या काळात ज्या बेटांवर विमान येत नव्हतं, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना त्या सप्टेंबरचं महत्त्व सांगावं लागत नाही. आयलँडर हायड्रोजनवर चालवण्याच्या एका प्रयत्नालाही फ्रेसन यांचंच नाव दिलं गेलं.

संध्याकाळी सेंट मॅग्नस कॅथेड्रल. ११३७मध्ये सुरू झालेलं, लाल आणि पिवळ्या दगडांचं. रात्री साडेदहाला बाहेर पडलो तरी आकाश उजळ होतं.

शुक्रवार: धुकं, आणि मग दोन मिनिटं

सकाळी समुद्रावरून धुकं आलं आणि कर्कवॉल त्यात बुडालं. बेटांची उड्डाणं थांबली. काउंटरवरच्या बाईंनी दर अर्ध्या तासाने येऊन परिस्थिती सांगितली, आणि कुणीच आवाज चढवला नाही. इथे सगळ्यांना ठाऊक असतं की चालकाने नाही म्हटलं तर नाही.

त्या वाट बघण्यात फार चांगली माणसं भेटली. व्हायोलिनची पेटी घेतलेली एक शिक्षिका होती. ती रोज वेगळ्या बेटावरच्या शाळेत शिकवायला जाते. लहान बेटावर संगीताचा, चित्रकलेचा, फ्रेंचचा वेगळा शिक्षक ठेवणं शक्य नसतं, म्हणून शिक्षकच विमानाने फिरतात. "वर्गात पाच मुलं असतात," ती म्हणाली, "आणि पाचही माझ्या विमानाचा आवाज ओळखतात." एक दातांचे डॉक्टर होते. एक शेतकरी ट्रॅक्टरचा सुटा भाग मांडीवर घेऊन बसलेला. आत्याने डॉक्टरांशी बोलता बोलता ऑर्कनीतल्या आरोग्यसेवेची बित्तंबातमी काढली. बेटवासीयांना २००६पासून सरकारच्या सवलत योजनेतून मुख्य भूमीच्या विमानभाड्यात सूट मिळते, पण आजारी माणसाबरोबर जाणाऱ्या नातेवाइकाचा राहण्याचा खर्च हा मोठा प्रश्न असतो, वगैरे.

दुपारी धुकं विरळलं. आयलँडर समोर उभं राहिलं, पांढरं, चिमुकलं. आठ प्रवासी, एक वैमानिक. मधून चालायला वाट नाही, प्रत्येक रांगेला बाजूचं दार. वैमानिकाने वजन आणि तोल पाहून कुणी कुठे बसायचं ते सांगितलं आणि आत्याकडे बोट दाखवलं: "तुम्ही इकडे, माझ्या शेजारी." साडीवर जाड कोट घातलेली माझी आत्या वैमानिकाच्या शेजारच्या खुर्चीत चढली, समोर सगळी घड्याळं, आणि चेहरा असा की मी तो कधी पाहिला नव्हता.

आधी पंधराएक मिनिटांत वेस्ट्रे बेट. तिथे शेतकरी उतरला. मग ती प्रसिद्ध उडी: वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, अंतर २.७ किलोमीटर, जगातलं सगळ्यांत कमी अंतराचं नियमित प्रवासी उड्डाण. वेळापत्रकात दोन मिनिटं. अनुकूल वारा असताना स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने ते ५३ सेकंदांत पार केलं होतं. २०१३मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही उडी बारा हजारांहून अधिक वेळा मारली. आमचं विमान उठलं, खाली खाडीचं हिरवं पाणी, एक बोट, लगेच समोर गवत आणि खडीची पट्टी. टेकलो. घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती.

जगभरातून लोक या उड्डाणासाठी येतात, प्रमाणपत्रही मिळतं. पण हे उड्डाण विक्रमासाठी जन्मलेलं नाही, हे उतरताना लक्षात आलं. विमानातून दुकानासाठी औषधांचा खोका उतरला आणि त्याच विमानात एक आजी नातीच्या आधाराने चढल्या, कर्कवॉलच्या रुग्णालयात डोळे तपासायला. ऑर्कनीच्या परिषदेच्या पैशावर ही उड्डाणं चालतात. नव्वदेक माणसांचं बेट, आणि त्यांच्यासाठी रोजचं विमान. स्वागताला अग्निशमनाच्या पोशाखात एक बाई उभ्या होत्या. विमान गेल्यावर त्यांनी पोशाख उतरवला, गाडीत ठेवला आणि त्याच गाडीने आम्हाला मुक्कामी सोडलं. त्या शेतकरी आहेत, विमानाच्या वेळेला विमानतळाच्या कर्मचारी होतात.

सूचना: पापा वेस्ट्रेला मुक्काम करणाऱ्यांसाठी सवलतीचं तिकीट असतं, चौकशी करा. प्रत्येक फेरी वेस्ट्रेहून जात नाही. ती उडी हवी असेल तर आरक्षण करतानाच स्पष्ट सांगा. आणि बेटावर एकच दुकान आहे.

शनिवार: पापा वेस्ट्रे

इथले लोक बेटाला पॅपी म्हणतात. सकाळी स्वच्छ ऊन. पश्चिम किनाऱ्यावर नॅप ऑफ होवर आहे, दगडी घरांची जोडी, इसवी सनापूर्वी ३७०० च्या सुमाराची. वायव्य युरोपात अजून उभी असलेली ही सगळ्यांत जुनी घरं मानली जातात. आत वाकून गेलो. जातं आहे, दगडी फळ्या आहेत, दोन घरांना जोडणारी वाट आहे. आत्या जात्यापाशी बसली आणि तिने दगडाच्या खळग्यावरून हात फिरवला.

उत्तरेच्या माळावर आर्क्टिक टर्न पक्ष्यांची वसाहत आहे. अंडी-पिल्लांचे दिवस असल्याने ते डोक्यावर सूर मारतात. काठी डोक्यापेक्षा उंच धरून चालायचं, ते काठीवर चोच मारतात. पूर्वेच्या कड्यावर ग्रेट ऑक या नामशेष पक्ष्याचं स्मारक आहे. ऑर्कनीतला शेवटचा १८१३मध्ये इथे मारला गेला.

दुपारच्या जेवणाला यजमानीणबाईंनी बेअर नावाच्या जुन्या जातीच्या जवाची भाकरी, म्हणजे बॅनक, ऑर्कनीचं चीज आणि खेकडा वाढला. बॅनक खमंग, जराशी कडसर, लोण्याबरोबर फार छान. बाई सांगत होत्या, त्यांची मुलं मोठ्या वर्गांसाठी आठवडाभर कर्कवॉलच्या वसतिगृहात राहायची आणि शुक्रवारी घरी यायची. "हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाक अर्धवट टाकून बाहेर यायचे," त्या म्हणाल्या, "आवाज ऐकू आला की मगच बटाटे उकळायला टाकायचे."

संध्याकाळचं विमान थेट कर्कवॉलला गेलं. या वेळी वैमानिकाशेजारी मी होतो. वैमानिक तरुण होती, हाताने पानं उलटून नोंदी करत होती. मी विचारलं, मोठ्या जेटवर जायची इच्छा नाही का? ती म्हणाली, मोठ्या विमानात दिवसातून दोनदा उतरायचं, इथे एका सकाळी आठ-दहा वेळा उतरायचं, तेही वाऱ्यात, छोट्या पट्टीवर. "आणि मागे बसलेल्या निम्म्या लोकांना मी नावाने ओळखते."

रविवार: परत

कर्कवॉल ते ग्लासगो विशेष काही घडलं नाही. आकाश मोकळं होतं, कैथनेसचे दलदलीचे माळ आणि ग्रॅम्पियनचे डोंगर स्पष्ट दिसले.

जाणार असाल तर मे ते ऑगस्ट सगळ्यांत बरं. बॅराला खिडकीची डावी-उजवी बाजू बघू नका, दोन्हीकडे समुद्रच आहे, पुढची रांग मिळाली तर घ्या. प्रवासाच्या शेवटी एक दिवस मोकळा ठेवा, धुकं येऊ शकतं. ऑर्कनीत स्कारा ब्रेची प्राचीन वस्ती आणि ब्रॉडगरचं दगडांचं वर्तुळ बघायला वेगळे दोन दिवस हवेत. बेटांवर उतरलात तर दुकानातून काहीतरी विकत घ्या आणि एक रात्र राहा. नुसतं प्रमाणपत्र घेऊन त्याच विमानाने परत फिरू नका. आसनं आठच असतात, आणि कुणाला तरी त्या दिवशी डॉक्टरकडे जायचं असतं.

आत्याने घरी आल्यावर लगेच टायरीच्या तिकिटांची चौकशी केली. तिच्याबरोबर सदर्न जनरलमध्ये असलेली आणि त्या रात्रीच्या विमानांतून जाणारी एक मैत्रीण तिथली आहे. सप्टेंबरात ती तिच्याकडे जाणार आहे, एकटीच, ट्विन ऑटरने.